विनापरवानगी बसू नये

२६ मार्च

परवा होळीसमोर, अख्ख्या तांड्यादेखत, माझ्या धाकट्या भावानं मला वेडी ठरवलं. म्हणून ही वही काढली. प्रेम फोनवर म्हणाला, "आई, रोज थोडं लिहीत जा, डोकं शांत राहतं." प्रेम माझा मुलगा, पुण्यात नोकरीला आहे. त्याला कोण सांगणार की मला डोकं शांत करायचंच नाहीये.

झालं ते असं. तांड्याच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, दोन खोल्यांचं दगडी घर आहे. एका लाकूड-ठेकेदारानं कोण्या जमान्यात स्वतःला राहायला बांधलं आणि ठेका संपल्यावर आमच्या बापूच्या गळ्यात घालून निघून गेला. पुढे ओसरी, वर कवेलूचं छप्पर, आत सागाचे वासे. तांडा त्याला बंगला म्हणतो, तेही थट्टेनं, कारण तिथं आजवर कडबा आणि शेळ्याच राहिल्या. बापू आमच्या बंजारा तांड्याचा नायक होता, तांड्याचे तंटे तोच मिटवायचा. जाताना त्यानं नायकी धाकट्या रामूला दिली, शेत रामूला दिलं आणि बंगला मला. मी थोरली, पण मुलगी. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं लेकीची बोळवण केली.

मला तसं वाटलं नाही. पुण्यातल्या हॉटेलात मी उभी हयात खोल्या लावल्या, शेवटी शेवटी माझ्या हाताखाली पंधरा-वीस बाया होत्या. खोली कशी असली की माणूस तिथं दोन दिवस जास्त राहतो, ते मला कळतं. वाघ बघायला नागपूरहून गाड्या येतात त्या आमच्या फाट्यावरूनच जातात. प्रेमचे वडील वारले, हॉटेल सुटलं, मी परत आले आणि होळीत सांगून टाकलं की बंगला दुरुस्त करून पाहुण्यांना देणार.

रामू हसला. "बाई, ज्या घरात बकऱ्या झोपल्या, तिथं शहरातले लोक कायले झोपतीन?"

"झोपतील," मी म्हटलं.

"मले तिथं तांड्याचा सभामंडप बांधाचा हाय. राखीपर्यंत एक तरी पाहुणा झोपवून दाखव. नाई झोपला तं किल्ली माह्या हातात देजो."

"नायकाचा शब्द आहे का हा?"

"नायकाचा शब्द हाय."

आमच्यात नायकाचा शब्द फिरत नाही. मी म्हटलं, माझाही फिरणार नाही. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

३ एप्रिल

शेळ्या काढल्या, वास निघत नाही. मुकुटबनहून खेमसिंग मिस्त्री आला. तो आमच्याच नात्यातला, पण दुसऱ्या तांड्याचा, म्हणून रामूचं त्याच्यावर चालत नाही. तांड्यातला एकही गडी मात्र आला नाही. कळलं की रामूनं सांगितलंय, कोण्या माणसानं बंगल्याच्या कामाला हात लावायचा नाही. बाबूसिंग सकाळी येतो म्हणाला होता, तो मला पाहून रस्ता सोडून तुरीच्या वावरातून गेला.

एकटीनं दुपारपर्यंत कडब्याचा कचरा उपसला. रडू आलं, तेही उपसता उपसता. थांबले असते तर रामूला खालून दिसलं असतं.

९ एप्रिल

बाया आल्या. जमनी पुढे, तिच्यामागे बबिता आणि आणखी चार-पाच. मी म्हटलं, नायकानं मनाई केलीय ना. जमनी म्हणाली, "त्यानं माणसाइले मनाई केली. बायाइचं नावच घेतलं नाई. आमी तं चाऱ्याले आलतो." आणि विळे एका बाजूला ठेवून सरळ कवेलू उतरवायला लागल्या.

रामू शब्दाचा पक्का, पण शब्द कधीच नीट मापून टाकत नाही. लहानपणीही तसाच होता.

२२ एप्रिल

ऊन असं की दगडाला हात लागत नाही. काम सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात बाया ओसरीवर पडून राहतात आणि बोलतात. आज जमनी आणि बाबूसिंगची बायको यांचं शेळीवरून जुंपलं. जमनीची शेळी हिच्या वालाच्या वेलात शिरली. दोघी माझ्या डोक्यावर येऊन ओरडायला लागल्या. मी त्या वेळी सिमेंट भिजवून ठेवलेलं होतं आणि ते वाळत होतं. मी म्हटलं, शेळी महिनाभर बाबूसिंगच्या बायकोनं दोहायची, मग वेल कोणी खाल्ले ते फिटलं, आता गप्प बसा आणि घमेलं उचला.

दोघी गप्प बसल्या. मला वाटलं नव्हतं.

१४ मे

खेमसिंगनं वासे तासले. आतून सागवान अजून पिवळंधमक आहे, वास सुटला तशी आम्ही सगळ्या क्षणभर उभ्याच राहिलो. ठेकेदारानं चोरीचं लाकूड वापरलं असणार, पण चांगलं वापरलं.

कमोड आला. खेमसिंग म्हणतो, याचं तोंड जंगलाकडे करू, पाहुण्याले वाघ दिसला तं तिथल्या तिथं काम होईल. बाया हसून हसून लोळल्या. मी तोंड भिंतीकडे केलं आणि जंगलाकडच्या भिंतीला मोठी काचेची खिडकी बसवली, खाटेसमोर. खिडकी पाहायला खालून पोरी वर आल्या. रामूची खुशी त्यांच्यात होती. बारावी झालीय, बापासारखंच नाक.

"फुफी, माहा बापू म्हनत होता का काच फुटन म्हनून."

"फुटली तर दुसरी बसवीन, सांग त्याला."

४ जून

ओसरीनं माझं डोकं उठवलंय. मी तिथं गुळगुळीत फरशी टाकली, कट्ट्याला चुना दिला, दोन वेताच्या खुर्च्या आणल्या. पाहुण्यानं सकाळी तिथं बसून चहा घ्यावा, पाखरं ऐकावी, असा विचार. पण तिथं बसतं कोण, तर तांडा. सकाळपासून कोणी ना कोणी टेकलेलं असतं. आधी फक्त बाया होत्या, आता मनाई असलेले गडीही येतात, कामाला हात लावत नाहीत, नुसते बसतात. बाबूसिंग आणि त्याचा चुलतभाऊ धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडत आले. एकाचं म्हणणं दुसऱ्यानं नांगर दोन हात आत घातला. मी म्हटलं, तुम्ही दोघं जाऊन आधी पळसाचं झाड कोणत्या बाजूला आहे ते बघा, मग माझ्या फरशीवरून उठा. हद्दीची खूण म्हणून बापू नेहमी ते पळसाचं झाड सांगायचा, म्हणून मला माहीत. ते गेले, परत आले, आणि भांडण मिटलं म्हणून पुन्हा चहा मागायला बसले.

प्रेमला सांगितलं. तो म्हणतो, "आई, लोक तिथं शांततेसाठी पैसे देणार आहेत. गर्दी चालणार नाही." त्याचं खरं आहे. उद्याच पाटी लावते.

६ जून

पाटी रंगवली आणि ओसरीच्या खांबाला ठोकली. पांढऱ्यावर निळं: विनापरवानगी येथे बसू नये.

८ जून

पाटीचा काही उपयोग नाही. उलट झालंय. आता जो येतो तो पायरीशी थांबतो, पाटी वाचतो, ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घेतो, आणि विचारतो, "बाई, बसू का?" मग नाही कसं म्हणणार. सगळे पाय धुऊन येतात, हे मात्र बरं झालं.

२१ जून

पाऊस धरला आणि दक्षिणेची खोली गळली. नव्या गादीवर थेंब. मी गादी ओढून काढली आणि भिंतीला टेकून बसले. खरं लिहायचं तर घाबरले. रामू म्हणतो तेच बरोबर असेल, मी पुण्याच्या नादानं बकऱ्यांच्या घराला खिडक्या बसवत सुटलेय, कोणी येणार नाही, आणि राखीला किल्ली देऊन मला प्रेमच्या एका खोलीत जाऊन राहावं लागेल. ते घर मला बापूनं दिलंय. दुसरं माझं म्हणावं असं काही या तांड्यात नाही.

मग उठून वर चढले आणि कवेलू सरकवले. गळती थांबली नाही, पण भीती थांबली. सकाळी खेमसिंगला शिव्या देऊन बोलावून घेतलं.

१० जुलै

गळती बंद. चादरी आल्या, पांढऱ्या. बबिता आणि जमनीला चादर घालायला शिकवली. चादर अशी ताणायची की वर हात फिरवला तर सुरकुती सापडू नये. बबिताला पहिल्याच खेपेला जमलं. जमनी म्हणाली, "एवढी ताणल्यावर मानूस झोपनार कसा, घसरून पडन."

प्रेमनं फोटो टाकले इंटरनेटवर. नाव दिलंय, "टेकडीवरची शांतता".

२० जुलै

नंदाबाई आली. नंदाबाई म्हणजे रामूची बायको, तांड्याची नायकण. खुर्चीवर बसली नाही, कट्ट्यावरच टेकली. म्हणाली, "आमच्या दारात आजकाल कोनी येत नाई हो, बाई. ते सकाळी फेटा बांधून बसते, दुपारी सोडते."

मी म्हटलं, येत नाहीत कारण तू चहात साखर घालत नाहीस. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली नाही. पेरणीचे दिवस आहेत, लोकांना वेळ कुठं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "इथं यायले तं भेटते." आता ओसरीवर वारं असतं त्याला मी काय करू.

जाताना तिनं काचेच्या खिडकीवर हात फिरवला आणि म्हणाली, मांगच्या अमावास्येपासून ते नीट जेवत नाही. रामूला पित्ताचा त्रास आधीपासून आहे.

२ ऑगस्ट

रामू स्वतः वर आला. पहिल्यांदा. ओसरीवर चढला नाही, पायरीशी उभा राहून पाटी वाचली. त्या वेळी वर बबिताची सासू बसली होती, बबिताला माहेरी पाठवावं का नाही ते विचारायला आलेली. मी म्हटलं होतं, पाठवा, पोटुशी आहे, एक महिना गेली तर काय बिघडतं.

"बाई, तुह्या बंगल्याचं काम झालं, मंग लोकाइले काहून जमा करून राह्यली?" रामू म्हणाला.

"मी जमा करते? पाटी बघ. मी हाकलून हाकलून थकले."

"पाटी पाह्यली."

"पाहुणे येऊ दे, मग बघ कशी ओसरी रिकामी होते."

त्यानं पायरीचा दगड पायानं चाचपला. मग म्हणाला, "राखीले सोळा-सतरा दिस राह्यले," आणि गेला. त्याला पाहुणे नको आहेत, शहरातले लोक तांड्यात येतील याचीच त्याला चीड आहे. येऊ दे चीड.

११ ऑगस्ट

बुकिंग आलं. नागपूरचं जोडपं, निवृत्त. राखीच्या आदल्या दिवशी येणार आणि आठवडाभर राहणार. बाईंनी फोनवर दोनदा विचारलं, "शांतता आहे ना नक्की? आम्हाला फक्त शांतता हवी." मी म्हटलं, पाखरांशिवाय कोणाचा आवाज नाही. फोन ठेवला आणि ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना उठवलं. बसले होते तेवढे उठले, पायरीवर जाऊन बसले.

मी जिंकले. वहीत लिहून ठेवते, मी जिंकले.

१७ ऑगस्ट

आज जे झालं ते सगळं लिहिते.

राखीला तीज पेरायची असते. पोरी टोपल्यांत वारुळाची माती आणि लेंडीखत घालून गहू पेरतात, नायकाच्या दारासमोर उंच माच बांधून त्यावर त्या टोपल्या ठेवतात, आम्ही त्याला डाकळो म्हणतो. मग गोकुळाष्टमीपर्यंत पाणी घालायचं आणि गाणी म्हणायची, दिवसरात्र. लग्न न झालेल्या पोरींचा हा एकच सण, त्यात त्यांना कोणी काही बोलत नाही. पण पेरायच्या आधी नायकाची परवानगी घ्यायची. आमच्या तांड्याची रीत अशी की नायक पहिल्यांदा नाही म्हणतो. यंदा पाणी नाही, यंदा गहू महाग, असलं काही. पोरी रुसतात, त्याचा फेटा लपवतात, मग तो हो म्हणतो. बापू तर दोन दोन दिवस पोरींना नाचवायचा.

आज दुपारी पोरी टेकडी चढून आल्या, खुशी पुढे. पायरीशी थांबल्या. खुशीचे डोळे लाल.

"फुफी, बसू का?"

"बसा. काय झालं?"

"माह्या बापूले तीज मागाले गेलतो. तो नाई म्हने. आमी फेटा घेतला, तं म्हने, ठेवा तिथं. म्हने, सारं त्या बंगलेवालीले इचारता ना, मंग तीज बी तिलेच इचारा."

मी म्हटलं, रागात म्हणाला असेल, परत जा, पाया पडा.

"गेलतो. माही माय बी बोलली त्याले. तो म्हने, बोलून बसलो, आता कसा फिरवू."

बरोबर आहे. नायकाचा शब्द. रामू पुन्हा न मापता बोलून बसला. आता त्याच्या दारात डाकळो बांधता येत नाही, आणि माझ्या दारात बांधला तर उद्या नागपूरची माणसं येतात. आठ दिवस गाणी. आणि ती गाणी अशी नाहीत की दार लावलं की ऐकू येत नाहीत.

मी पोरींना म्हटलं, माझी अडचण आहे, पाहुणे यायचेत, ते आले नाहीत तर घर जातं. त्यांना ते ठाऊकच होतं, सगळ्या तांड्याला ठाऊक आहे. कोणी हट्ट केला नाही. खुशी फक्त म्हणाली, "माही ही शेवटची तीज हाय. माघात लग्न हाय." आणि सगळ्या उठायला लागल्या.

मला माझी शेवटची तीज आठवली. बापूनं माझी टोपली स्वतः माचावर चढवली होती आणि म्हणाला होता, हिची वरच्या रांगेत.

मी म्हटलं, "थांबा. पहिल्यांदा नाही म्हणायची रीत आहे, ते म्हणून झालं. आता पेरा. पण फरशीवर चिखल केला तर एकेकीला बघून घेईन." पोरींनी जे किंचाळायला सुरुवात केली त्यात पुढचं मला ऐकू आलं नाही.

त्या टेकडी उतरेपर्यंत मी नागपूरला फोन लावला. खोटं बोलावंसं वाटलं, लाज वाटते लिहायला. पण खोली देणारीनं पाहुण्याला फसवू नये, हे मी वीस बायांना शिकवलंय. सांगितलं की इथं पोरींचा सण आहे, आठ दिवस गाणी असतील, नंतर या, तुम्हाला खोली राखून ठेवते. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मग आम्ही दुसरीकडे बघतो.

प्रेमला सांगितल्यावर तो म्हणाला, "आई, दोन दिवसांवर घर आलेलं, तू हातानं घालवलंस." मी म्हटलं, हातानं बांधलंय, हातानं घालवीन. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

१८ ऑगस्ट

पोरींनी गहू भिजवले, माती आणली, पळसाच्या पानांनी टोपल्या मढवल्या. पावसाची सर आली तशा सगळ्या दोन्ही खोल्यांत शिरल्या आणि आज रात्री इथंच झोपणार म्हणतात. माझ्या ताणलेल्या पांढऱ्या चादरींवर. खुशी काचेसमोर पालथी पडून जंगल बघतेय. चादरी धुता येतात.

किल्ली घासून स्वच्छ केली. द्यायचीच तर चकचकीत द्यावी.

१९ ऑगस्ट, राखी

सकाळी रामू आला. खांद्यावर दोन सागाच्या बल्ल्या, मागे बाबूसिंग आणि आणखी गडी, त्यांच्याही खांद्यावर बल्ल्या. डाकळो बांधायला. खड्डे खणले, बल्ल्या ठोकल्या, आडवे बांबू बांधले. त्याच्या हातचा माच हलत नाही, हे मान्य केलं पाहिजे. मग सगळा तांडा जमला असताना त्यानं घाम पुसला आणि मोठ्यानं विचारलं, "रातच्याले बंगल्यात कोन झोपलतं?"

"पोरी," जमनी म्हणाली.

"मंग झालं ना. पोरगी बापाच्या घरी पाहुणीच रायते. पाहुणे झोपले. बाई शर्त जिंकली."

लोक हसले, माना डोलावल्या. जमनीनं मला कोपर मारलं, घे म्हणून. माझी सुटका होती, मला कळत होतं. पण मला ते वाक्य गिळता येईना.

मी म्हटलं, "रामू, पोरगी पाहुणी नसते. मी बापूच्या घरात पाहुणी नव्हते आणि ही खुशी तुझ्या घरात पाहुणी नाही. हे घर बापूनं पाहुणीला नाही दिलं. तसं म्हणून मिळणार असेल तर मला नको. मी शर्त हरले. ही घे."

किल्ली पुढे केली. खुशी माचाजवळ टोपली धरून उभी होती आणि बापाकडे पाहत होती. रामूनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग किल्लीकडे. हात पुढे केला नाही. रांजणाशी गेला, पायांवर पाणी घेतलं, पायरीशी येऊन थांबला. खांबावरच्या पाटीकडे बघून म्हणाला,

"बाई, बसू का?"

मी बाजूला सरकले. म्हटलं, "बस."

तो फरशीवर बसला, वेताच्या खुर्चीत नाही. मी राखी बांधली. त्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला, गरम होत असेल. खुशीची टोपली मी वरच्या रांगेत चढवली. पोरींनी पहिलं पाणी घातलं आणि गाणं सुरू केलं, आता लिहिता लिहिता ते चालूच आहे.

शर्तीचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. विसरला असावा. मीही आठवण करून दिली नाही, किल्ली अजून माझ्याच कनवटीला आहे. गोकुळाष्टमी झाली की नागपूरच्या बाईंना पुन्हा फोन करीन.

दुपारी बाबूसिंग आणि त्याचा चुलतभाऊ पुन्हा धुऱ्याचं घेऊन आले, पावसात पळसाच्या मुळाशी माती खचलीय. रामू तिथंच बसलेला, तर विचारायचं त्याला. मी तसं म्हटलंही, नायक बसलाय ना समोर. रामूनं दाढी खाजवली आणि म्हणाला, "तिलेच इचारा."

आळशी आहे मेला, लहानपणापासून.